एकाच रिमोटवर टीव्ही आणि साउंडबार: आवाजाचं बटण कामाला लावायचं कसं

साताऱ्याच्या घरी दिवाळीत साउंडबार आला आणि तिसऱ्याच दिवशी आईचा फोन आला. "अरे, बातम्या लावल्या की कुजबुजल्यासारखं ऐकू येतं आणि जाहिरात लागली की खिडक्या हादरतात. टीव्हीच्या रिमोटने काही म्हणता काही होत नाही. आणि तो दुसरा रिमोट कधी बाबांच्या उशीखाली, कधी सोफ्याच्या फटीत. शोधेपर्यंत जाहिरात संपते."

शनिवारी गेलो. साउंडबार बसवायला आलेला मुलगा एक बारीक ऑप्टिकल वायर जोडून, आवाज येतोय एवढं दाखवून निघून गेला होता. मी सोफ्यावर बसून पाऊण तास टीव्हीच्या मेनूत भटकलो. शेवटी टॉर्च घेऊन टीव्हीच्या मागे डोकावलो तेव्हा कळलं, की गडबड मेनूत नव्हतीच. दोन वायरींची अदलाबदल केली, मेनूतल्या दोन गोष्टी चालू केल्या आणि वीस मिनिटांत काम झालं. म्हणून या लेखाचा क्रमही तोच: आधी मागची वायर, मग मेनू.

रिमोट नक्की कोणाशी बोलतो?

टीव्हीचा रिमोट साउंडबारशी बोलतच नाही, निदान बहुतेक घरांत तरी नाही. तो फक्त टीव्हीला सांगतो, "आवाज वाढव." पुढे ते साउंडबारपर्यंत पोहोचवायचं काम टीव्हीचं. टीव्हीकडे तसा निरोप पाठवायला वाट असेल तरच आवाज वाढतो.

वाटा चार आहेत. पहिली एचडीएमआय वायरमधली. या वायरीत चित्र आणि आवाजाच्या तारांसोबत एक वेगळी तार फक्त निरोपांसाठी असते. या व्यवस्थेला सीईसी म्हणतात आणि एचडीएमआयच्या १९ पिनांपैकी १३ नंबरची पिन तिच्यासाठी राखलेली आहे. दुसरी वाट रिमोटच्या न दिसणाऱ्या प्रकाशाची, म्हणजे अवरक्त किरणांची: साउंडबारलाच टीव्हीच्या रिमोटची भाषा शिकवायची, मग टीव्ही मध्ये लागतच नाही. तिसरी ब्लूटूथची. आणि चौथी, सगळ्यात जुनी, टीव्हीच्या हेडफोनच्या भोकाची.

ऑप्टिकल वायर या यादीत नाही, हे मुद्दाम लक्षात घ्या. त्या वायरीतून लाल प्रकाशाच्या रूपात फक्त आवाज जातो, तोही टीव्हीकडून साउंडबारकडे, एकाच दिशेने. निरोपासाठी तिच्यात सहसा जागाच नसते; एलजीच्या जोडीतला एक अपवाद पुढे येईल. आमच्या घरी नेमकं हेच झालं होतं: आवाज झकास, पण टीव्हीचा रिमोट मुका.

टीव्हीच्या मागे काय बघायचं?

आधी टीव्ही, साउंडबार आणि सेट-टॉप बॉक्स, तिन्हींची बटणं भिंतीवरून बंद करा. मग मोबाइलचा टॉर्च लावून एचडीएमआयच्या प्रत्येक भोकाशेजारी छापलेली बारीक अक्षरं वाचा. एकाजवळ 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' असं लिहिलेलं असेल. टीव्हीला तीन-चार एचडीएमआय असले तरी सहसा एकच एआरसीचं असतं. कुठल्या नंबरचं, ते कंपनीप्रमाणे आणि मॉडेलप्रमाणे बदलतं, त्यामुळे शेजाऱ्याच्या टीव्हीवरून अंदाज बांधू नका. टीव्ही भिंतीला चिकटवलेला असेल आणि डोकं आत जात नसेल, तर मोबाइल आत सरकवून फोटो काढा. माझं निम्मं काम या युक्तीने होतं.

एआरसी म्हणजे आवाजाचा परतीचा रस्ता. एरवी एचडीएमआय वायरीतून चित्र-आवाज टीव्हीत येतात. एआरसीच्या भोकातून आवाज उलटा बाहेरही जाऊ शकतो. एचडीएमआयच्या १.४ आवृत्तीबरोबर २००९ साली ही सोय आली. ईएआरसी ही तिची थोरली बहीण, २०१७ सालच्या २.१ आवृत्तीतली, जी जास्त दर्जाचा आवाज नेते. रिमोटच्या कामासाठी दोन्हींत फरक नाही, कारण आवाज कमी-जास्त करायचा निरोप दोन्हीकडे सीईसीच्या तारेवरूनच जातो. टीव्ही ईएआरसीचा आणि साउंडबार साध्या एआरसीचा असला तरी चालतं.

आता साउंडबारकडे वळा. त्याला एकच एचडीएमआय असेल तर प्रश्न नाही. दोन असतील तर इथे हमखास फसायला होतं. एकावर 'इन' आणि दुसऱ्यावर 'आउट' लिहिलेलं असतं. आवाज साउंडबारच्या आत यायचाय म्हणून माणूस साहजिकच 'इन'मध्ये वायर खुपसतो. टीव्हीची वायर 'आउट'मध्ये जाते, जिथे बहुधा 'टीव्ही' आणि 'एआरसी' असंही लिहिलेलं असतं. 'इन' हे सेट-टॉप बॉक्स किंवा गेमच्या डब्यासाठी.

साउंडबारला एचडीएमआयच नसेल, फक्त ऑप्टिकल, ऑक्स (हेडफोनसारख्या वायरीचं भोक) आणि ब्लूटूथ असेल, तर पुढचा भाग सोडून थेट ऑप्टिकलच्या भागाकडे जा.

एचडीएमआयची जोडणी

१. एआरसीच्या भोकात आधीच काही घुसवलेलं असेल तर ते काढून दुसऱ्या एचडीएमआयमध्ये लावा. आमच्याकडे तिथे सेट-टॉप बॉक्स बसला होता, कारण तेच भोक हाताला सोपं होतं. फायर स्टिकही अनेक घरांत तिथेच अडकवलेली सापडते.

२. टीव्हीचं एआरसी आणि साउंडबारचं एआरसी एका एचडीएमआय वायरीने जोडा. वायर शक्यतो सरळ असावी. मध्ये जोड, स्प्लिटर किंवा स्विच नको. स्वस्त स्प्लिटरांतून निरोपाची तार पुढे जातेच असं नाही.

३. जुनी ऑप्टिकल वायर काढून टाका. दोन्ही लावून ठेवल्या तर आवाज कुठल्या वायरीने येतोय हेच कळत नाही आणि नंतर बिघाड शोधताना डोकं फिरतं.

४. भिंतीवरची बटणं चालू करा. साउंडबारच्या रिमोटवरून इनपुट 'टीव्ही' किंवा 'एआरसी' निवडा. तो ब्लूटूथवरच बसून राहिला तर काहीच होणार नाही.

५. आता टीव्हीच्या मेनूत दोन कामं: सीईसी चालू करणं आणि आवाज बाहेरच्या स्पीकरवर वळवणं.

या पाचव्या पायरीवर बरेच लोक अडकतात, कारण मेनूत 'सीईसी' हे नाव बहुतेकदा सापडतच नाही. प्रत्येक कंपनीने त्याचं आपापलं बारसं केलंय. सॅमसंगमध्ये ते 'एनीनेट प्लस', एलजीमध्ये 'सिंपलिंक', सोनीत 'ब्राव्हिया सिंक', पॅनासॉनिकमध्ये 'व्हिएरा लिंक', फिलिप्समध्ये 'ईझीलिंक'. नावं वेगळी, आतली गोष्ट तीच. म्हणूनच एका कंपनीचा टीव्ही आणि दुसऱ्या कंपनीचा साउंडबार बहुतेक वेळा एकमेकांचं ऐकतात. "एकाच कंपनीचं घ्या, नाहीतर चालणार नाही," असं दुकानात सांगितलं जातं, त्यात थोडं तथ्य आणि बरीचशी विक्री असते. एकाच कंपनीच्या जोडीत साउंडबारचे जास्तीचे पर्याय टीव्हीच्या पडद्यावर मिळू शकतात, पण आवाज कमी-जास्त करायला त्याची गरज नाही.

सॅमसंगमध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन 'एक्स्टर्नल डिव्हाइस मॅनेजर' शोधा. जुन्या मॉडेलांत ते 'जनरल'खाली असतं, नव्यांत 'कनेक्शन'खाली. आत एनीनेट प्लस चालू करा. मग 'साउंड'मध्ये 'साउंड आउटपुट' उघडून टीव्ही स्पीकरऐवजी साउंडबारचं नाव किंवा 'रिसीव्हर' निवडा.

एलजीमध्ये 'जनरल', त्यात 'डिव्हाइसेस', त्यात 'एचडीएमआय सेटिंग्ज' आणि तिथे सिंपलिंक. जुन्या टीव्हीत ते 'कनेक्शन'खाली सापडतं. त्यानंतर 'साउंड आउट'मध्ये एचडीएमआय एआरसीचा पर्याय निवडायचा.

सोनीच्या गूगल टीव्हीत बाहेरच्या इनपुटांच्या सेटिंगमध्ये ब्राव्हिया सिंक मिळेल. ते चालू करून 'डिस्प्ले अँड साउंड'मध्ये 'ऑडिओ आउटपुट' आणि तिथे 'स्पीकर्स' या ओळीत 'ऑडिओ सिस्टिम' निवडा.

शाओमी, टीसीएल आणि अँड्रॉइड किंवा गूगल टीव्हीवर चालणाऱ्या इतर टीव्हींत 'इनपुट्स' नावाचं पान शोधा. मॉडेलप्रमाणे ते 'डिव्हाइस प्रेफरन्सेस' किंवा 'चॅनेल्स अँड इनपुट्स' याखाली दडलेलं असतं. तिथे 'एचडीएमआय कंट्रोल' किंवा 'कन्झ्युमर इलेक्ट्रॉनिक कंट्रोल' हा पर्याय चालू करा. मेनूत शोधायची सोय असेल तर सरळ सीईसी ही तीन इंग्रजी अक्षरं टाइप करून बघा, वेळ वाचतो.

काही साउंडबारांतही सीईसी वेगळं चालू करावं लागतं. सोनीच्या साउंडबारांत त्याचं नाव 'कंट्रोल फॉर एचडीएमआय' असं असतं. बहुतेक वेळा ते कारखान्यातूनच चालू येतं, पण कोणीतरी बटणं दाबता दाबता बंद केलेलं असू शकतं. माहितीपुस्तिकेत पानभर शोधण्यापेक्षा 'एचडीएमआय' हा शब्द जिथे दिसेल तिथे थांबा.

जमलं की नाही, हे कसं ओळखायचं?

टीव्हीच्या रिमोटवरचं आवाजाचं बटण दाबा आणि पडद्याकडे नीट बघा. नेहमीच्या पट्टीजवळ स्पीकर किंवा साउंडबारचं छोटं चिन्ह दिसलं, किंवा आकड्याऐवजी नुसतं अधिक-उणे दिसलं, तर निरोप बाहेर जातोय. साउंडबारच्या पुढच्या पट्टीवर आकडा हलत असेल किंवा दिवा लुकलुकत असेल तर तो पोहोचतोयही. मग टीव्ही बंद करून बघा. साउंडबारही आपोआप झोपला तर दोघांची गट्टी पक्की जमली आहे.

टीव्हीच्या पट्टीवर आकडा वाढतोय पण आवाज तसूभर हलत नाही, याचा अर्थ टीव्ही अजून स्वतःच्याच स्पीकरचा हिशोब करतोय. आवाजाचं आउटपुट चुकलंय, पुन्हा त्या पानावर जा. टीव्ही आणि साउंडबार दोघांतूनही एकदम आवाज येत असेल, दरीत ओरडल्यासारखा, तरी दोष तिथेच आहे.

आणखी एक गोष्ट, जिच्यावरून बाबांनी मला दोनदा फोन केला. आधी टीव्हीचा आवाज १०० पर्यंत जायचा, आता ४०-५० वर थांबतो. काही बिघडलेलं नसतं. आता मोजपट्टी साउंडबारची आहे आणि प्रत्येक साउंडबारची पट्टी निराळी असते. बटण दाबून धरलं तर आवाज जरा रेंगाळत वाढतो, तेही स्वाभाविक आहे. सीईसीची तार फार संथ आहे, सेकंदाला जेमतेम ४०० बिटांच्या आसपास. पोस्टकार्डाच्या वेगाने निरोप जातात म्हणा ना.

तरीही ढिम्म? मग या क्रमाने जा

सगळ्यात आधी पूर्ण वीज तोडा. रिमोटने बंद करून भागत नाही. झोपलेल्या उपकरणातही सीईसीचा भाग जागा असतो आणि अडकलेला गोंधळ तसाच धरून बसतो. टीव्ही, साउंडबार, सेट-टॉप बॉक्स, स्टिक, सगळ्यांचे प्लग काढा. तीन-चार मिनिटं थांबा, चहा ठेवा. मग आधी टीव्ही चालू करा, तो पूर्ण उघडू द्या आणि त्यानंतर साउंडबार. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच मिटतात. लाइट येऊन-जाऊन करणाऱ्या गावात हे अधूनमधून करावं लागतं, कारण लाइट आल्यावर साउंडबार लगेच उठतो आणि टीव्ही मागाहून, त्यामुळे दोघांची ओळखपरेड अर्धवट राहते. रात्री झोपताना भिंतीवरचं बटण बंद करायची सवय असलेल्या घरांतही सकाळी हाच प्रकार दिसू शकतो.

त्याने नाही झालं तर सीईसी बंद करून पुन्हा चालू करा. तेही नाही, तर वायर बदला. शेजारून मागून आणा, पण एकदा बदलून बघाच. चित्र-आवाज उत्तम नेणाऱ्या वायरीतही निरोपाची एकच तार तुटलेली असू शकते, आणि ते बाहेरून कळायला मार्ग नाही. सुताराने टीव्ही युनिट करताना भिंतीतून दहा मीटरची वायर खेचून ठेवली असेल, तर तिच्याकडे आधी संशयाने बघा. तपासायला साउंडबार टीव्हीजवळ आणून साध्या दीड-दोन मीटरच्या वायरीने जोडायचा. जमलं तर गुन्हेगार भिंतीत आहे.

मग गर्दी कमी करा. सीईसीच्या तारेवर घरातली सगळी एचडीएमआय उपकरणं एकाच वेळी बसलेली असतात, एका सार्वजनिक टेलिफोनवर चार जण बोलावेत तशी. एखादा सेट-टॉप बॉक्स किंवा स्टिक मध्येच ढवळाढवळ करते. टीव्ही आणि साउंडबार सोडून बाकी सगळ्या वायरी काढा. आता चालतंय? मग एकेक उपकरण परत लावा. ज्याने घोळ होईल त्याच्याच मेनूत जाऊन त्याचं सीईसी बंद करा. टीव्हीचं मात्र चालू ठेवा.

रिमोट आवाज बदलतोय पण साउंडबारमधून आवाजच नाही, असा उलटा प्रकारही असतो. तेव्हा टीव्हीच्या डिजिटल आवाजाच्या सेटिंगमध्ये 'ऑटो' काढून 'पीसीएम' करून बघा. साध्या साउंडबारला डॉल्बीचा कुठला तरी प्रकार उलगडत नसतो आणि तो गप्प बसतो. पीसीएम म्हणजे साधा, न दाबलेला डिजिटल आवाज, तो सगळ्यांना समजतो.

एवढ्यावरही हाती काही लागलं नाही, तर टीव्हीचं सॉफ्टवेअर अपडेट आलंय का बघा. टीव्ही कारखान्यातल्या स्थितीला नेणं हा शेवटचा उपाय, आणि मी तो सहसा टाळतो. सगळ्या ॲपचे पासवर्ड पुन्हा भरण्यात रविवार जातो.

टीव्हीला दोनच एचडीएमआय असतील तर

लहान आणि स्वस्त टीव्हींत हा खरा पेच आहे. एआरसीचं एक भोक साउंडबारने खाल्लं, दुसरं सेट-टॉप बॉक्सने. मग फायर स्टिक कुठे लावायची? साउंडबारला 'इन' असेल तर बॉक्स किंवा स्टिक त्यात लावा, चित्र साउंडबारमधून पुढे टीव्हीला जातं. 'इन' नसेल आणि टीव्ही स्मार्ट असेल, तर स्टिकची गरज खरंच आहे का हे आधी बघा. जी ॲप स्टिकवर बघता ती टीव्हीतच असतील. बाजारात एचडीएमआय स्विच मिळतात. तो घेतलाच तर बॉक्स आणि स्टिकच्या बाजूला लावा, साउंडबारच्या वायरीवर कधीच नाही.

फक्त ऑप्टिकल असेल तर

इथे तीन मार्ग आहेत आणि तिन्ही सगळीकडे चालत नाहीत.

टीव्ही आणि साउंडबार दोन्ही एलजीचे असतील तर 'साउंड सिंक' नावाची सोय बघा. ती ऑप्टिकल वायरीवरही टीव्हीच्या रिमोटने आवाज बदलू देते. ज्या मॉडेलांत आहे तिथे साउंड आउटच्या पानावर 'ऑप्टिकल'सोबत तिचं नाव दिसतं.

दुसरं, काही टीव्हींत डिजिटल आवाज 'फिक्स्ड' ठेवायचा की 'व्हेरिएबल', असा पर्याय असतो. व्हेरिएबल केलं की टीव्ही स्वतःच आवाज कमी-जास्त करून बाहेर सोडतो. त्यासाठी बहुधा पीसीएम निवडावं लागतं. मग साउंडबारचा आवाज एकदाच मध्यमच्या थोडा वर लावून ठेवायचा आणि रोजचं काम टीव्हीच्या रिमोटवर.

तिसरा मार्ग मला सगळ्यात आवडतो: साउंडबारलाच शिकवणं.

साउंडबारला टीव्हीच्या रिमोटची भाषा शिकवणं

अनेक साउंडबार टीव्हीच्या रिमोटचे अवरक्त किरणांचे इशारे लक्षात ठेवू शकतात. सोनोससारख्या काहींत हे मोबाइलच्या ॲपमधून होतं; ॲप सांगतं तेव्हा टीव्हीच्या रिमोटचं बटण साउंडबारकडे रोखून दाबायचं. सॅमसंगच्या बऱ्याच साउंडबारांत 'टीव्ही रिमोट' नावाची सोय असते: एकतर बंद, एकतर फक्त सॅमसंगचा रिमोट, एकतर कुठलाही. ती बदलायला साउंडबारच्या रिमोटवरचं एक बटण पाच-एक सेकंद दाबून धरायचं असतं. कुठलं, ते मॉडेलप्रमाणे पुस्तिकेत दिलेलं असतं. इतर साउंडबारांसाठी पुस्तिकेत 'लर्निंग' हा शब्द शोधा.

पद्धत सगळीकडे थोडीफार सारखीच. साउंडबार शिकण्याच्या अवस्थेत न्यायचा, दिवा लुकलुकायला लागतो. टीव्हीचा रिमोट वीतभर अंतरावरून साउंडबारच्या मधोमध रोखायचा. आवाज वाढवायचं बटण दाबायचं. दिवा किंवा 'बीप' पोच देतो. काही साउंडबार तेच बटण दोन-तीनदा मागतात. मग कमी करायचं बटण, मग म्यूट. घाई करायची नाही, आणि शिकवताना खोलीत दुसऱ्या कोणी दुसरा रिमोट दाबायचा नाही.

हे सुरू करण्याआधी एक तपासणी करा, नाहीतर तासभर भिंतीशी बोलत बसाल. मोबाइलचा सेल्फी कॅमेरा उघडा, रिमोटचं टोक त्याच्याकडे धरा आणि आवाजाचं बटण दाबा. पडद्यावर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकला तर तो रिमोट अवरक्त किरण सोडतोय आणि साउंडबार शिकू शकेल. ठिपका दिसत नसेल तर आधी सेल बदलून बघा. तरी नाही, तर तो रिमोट बहुधा ब्लूटूथने टीव्हीशी बोलतो आणि साउंडबारला त्याच्याकडून शिकण्यासारखं काहीच नाही. अशा वेळी त्याच टीव्हीला चालणारा साधा, बटणांचा, अवरक्त रिमोट इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही छोट्या दुकानात मिळतो. त्याने शिकवा आणि रोज तोच वापरा.

शिकवून झालं की टीव्हीचे आतले स्पीकर मेनूतून बंद करा. नाहीतर एकाच बटणाने दोघंही आवाज वाढवतील. काही टीव्ही मग प्रत्येक वेळी "टीव्हीचे स्पीकर बंद आहेत" अशी पाटी पडद्यावर दाखवतात. ती घालवता येत नसेल तर स्पीकर चालू ठेवून त्यांचा आवाज शून्यावर नेऊन ठेवायचा डाव चालत नाही, हेही सांगून ठेवतो, कारण वाढवताना तो शून्यावरून उठणारच.

साउंडबार टीव्हीच्या पायाशी, नेमका त्याच्या रिमोटच्या डोळ्यासमोर ठेवला, तर टीव्हीपर्यंत किरण पोहोचत नाहीत आणि माणूस सीईसीला शिव्या देतो. दोन बोटं पुढे-मागे सरकवून बघा.

ब्लूटूथ आणि हेडफोनचं भोक

ब्लूटूथने जोडल्यावर बऱ्याच टीव्हींवर रिमोटने आवाज आपोआप चालतो. तेवढ्यापुरतं ते सगळ्यात सोपं. पण ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात, कधी कमी कधी जास्त. टीव्हीत 'एव्ही सिंक'चा पर्याय असेल तर थोडं सावरता येतं. शिवाय घरातल्या कोणाचा तरी मोबाइल साउंडबारला चिकटतो आणि सासू-सुनेच्या भांडणात रील वाजायला लागतं. बातम्या आणि गाण्यांपुरतं ठीक, सिनेमा-क्रिकेटसाठी वायर बरी.

हेडफोनचं भोक मात्र लोक उगाच विसरतात. टीव्ही दहा-बारा वर्षांपूर्वीचा असेल, एआरसी नसेल, तर टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातून साउंडबारच्या ऑक्समध्ये साधी ३.५ मिलिमीटरची वायर टाका. या भोकातून येणारा आवाज बहुधा टीव्हीच्या रिमोटप्रमाणेच कमी-जास्त होतो, कारण ते कानाला लावायच्या हेडफोनसाठीच केलेलं असतं. साउंडबार साठ-सत्तर टक्क्यांवर ठेवा आणि विसरून जा. डॉल्बी वगैरे मिळणार नाही, पण सीईसी-बीईसीची कटकटही नाही. कोल्हापूरला मामांकडे मी हेच करून दिलंय आणि तिथून कधी फोन येत नाही.

सेट-टॉप बॉक्स आणि फायर स्टिकचा रिमोट

आपल्याकडे खरा वापर टीव्हीच्या रिमोटचा नसून सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटचा असतो. चॅनेल त्यानेच बदलतात, मग आवाजही त्यानेच व्हावा ही अपेक्षा रास्त आहे.

इथे साखळी लक्षात घ्या. बॉक्सच्या रिमोटवरची आवाजाची बटणं दोन प्रकारे चालतात. काही रिमोट बॉक्सचाच आवाज बदलतात. तेव्हा साउंडबार वेगळा काही करत नाही, येणारा आवाजच लहान-मोठा होतो. हे चालतं, पण बॉक्सचा आवाज कमी आणि साउंडबारचा जास्त असं झालं की घरघर ऐकू येते. बॉक्सचा आवाज पूर्ण वर ठेवणं चांगलं. दुसऱ्या प्रकारात रिमोट टीव्हीचे इशारे शिकलेला असतो. तो टीव्हीला सांगतो, टीव्ही सीईसीवरून साउंडबारला. एआरसी जमलेलं असेल तर बॉक्सच्या रिमोटला टीव्हीची बटणं शिकवली की पुरे, साउंडबारचं वेगळं काही शिकवायला नको. शिकवायची पद्धत कंपनीच्या ॲपमध्ये किंवा बॉक्सच्या मदत-पानावर असते.

फायर स्टिकमध्ये सेटिंग्जखाली 'इक्विपमेंट कंट्रोल' आहे. तिथे टीव्ही आणि साउंडबार दोन्ही वेगळे नोंदवता येतात. तिच्या रिमोटचं आवाजाचं बटण अवरक्त किरणांवर चालतं. एआरसी नीट असेल तर तिथे फक्त टीव्हीची कंपनी निवडा. ऑप्टिकल असेल तर साउंडबारची कंपनी निवडून बटण थेट साउंडबारला जोडा. यादीत तुमच्या साउंडबारची कंपनी असेल तर हा ऑप्टिकलवाल्यांसाठी चौथा आणि फारच सोपा मार्ग आहे. गूगल टीव्हीच्या स्टिकमध्ये 'रिमोट्स अँड ॲक्सेसरीज'खाली आवाजाची बटणं सीईसीने चालवायची की अवरक्त किरणांनी, हे स्वतः ठरवता येतं. 'ऑटो' गोंधळ घालत असेल तर हाताने निवडा.

साउंडबारचा मूळ रिमोट टाकून मात्र देऊ नका. वूफरचा दणका कमी करणं, बोलणं स्पष्ट करणारा मोड लावणं, इनपुट बदलणं, ही कामं टीव्हीच्या रिमोटवर सहसा येत नाहीत. आमचा तो आता टीव्हीखालच्या खणात आहे, सेल काढून, वर चिकटपट्टीने बांधलेले. सेल आत ठेवले असते तर बाबांनी तो पुन्हा उशीखाली नेला असता.